जेवणानंतरची गोळी

अक्काला राग यायचा बंद झाला, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. रागीट म्हणजे किती, तर कोथिंबिरीची जुडी बारीक दिली म्हणून भाजीवाल्याला मराठी, कानडी आणि मोडकी हिंदी अशा तिन्ही भाषांत झाडणारी. आणि ही बाई, एका शनिवारी मी चांगली तासभर उशिरा पोचले तरी दारात उभी राहून नुसती हसली. "आलीस?" म्हणाली. बस्स. मी चपला काढता काढता शिव्यांची वाट बघत होते, पण एकही आली नाही.

आमचा शनिवार ठरलेला. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, बेंगळूरच्या यशवंतपूरला एकटी राहणारी. अक्का आणि दाजी तिथल्याच पीण्या ह्या कारखान्यांच्या वस्तीत. दाजी म्हणजे तिचा नवरा. एका छोट्या कारखान्यात लेथवर उभं राहून केस पांढरे केलेला माणूस, आणि वय झालं तरी मालक सोडत नाही म्हणून अजून जाणारा. शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला. आणि मी आल्याशिवाय अक्का घास घ्यायची नाही. दोन वाजोत, तीन वाजोत. गोरगुंटेपाळ्याच्या चौकात बस अडकली की मी बसमध्ये चरफडायची आणि ती घरात. दार उघडल्या उघडल्या, "भवाने, आतडी गळ्याशी आली माझी!" हे स्वागत. "मग जेवायचं होतंस की गं," म्हटलं की म्हणायची, "आणि तुला काय खानावळीत बसल्यासारखं एकटीला वाढू?"

हे तिचं लहानपणापासूनचं. निपाणीजवळच्या गावात आमची आई लवकर गेली. मी शाळेतून येईपर्यंत अक्का भाकरी झाकून तशीच बसायची. मी मैदानात हुंदडत बसले की हिच्या पोटात कावळे ओरडायचे, आणि मग मला बोलणी. लग्न होऊन ती बेंगळूरला आली ती मला बरोबर घेऊनच, आणि दाजींनी कधी हूं की चूं केलं नाही. पुढे तिला मूल झालं नाही, मी लग्न केलं नाही. जगात मला हक्काने शिवी घालणारं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे अक्का.

तर राग गेला. मग हळूहळू बाकीचंही जायला लागलं. गॅसवर दूध ठेवून ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. एका वाक्याच्या मधेच थांबायची आणि आपण काय बोलत होतो हे विचारायचीही नाही. डावा हात मधेच झटका बसल्यासारखा उडायचा. एका डॉक्टरांनी वय सांगितलं, दुसऱ्यांनी मनाचा थकवा. शेजारणीने हळद घातलेलं दूध सांगितलं, ते तर आम्ही इमानेइतबारे दिलंच. मग एक दिवस तिने दाजींना विचारलं, "तुम्ही भाड्याचं बघायला आलात का?" दाजी कारखान्याचा डबा हातात तसाच घेऊन जिन्यात जाऊन बसले. मी गेले तर म्हणाले, "चेष्टा केली असेल तिनं." चेष्टा नव्हती हे त्यांनाही कळत होतं, मलाही.

मोठ्या दवाखान्यात भेटलेल्या डॉक्टर पुण्याकडच्या निघाल्या, अगदी तरुण. त्यांचं मराठी ऐकून दाजींना इतकं बरं वाटलं की ते आजार सोडून त्यांचं गाव विचारत बसले. एमआरआय झाला, पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं. अक्काने त्या वेळी हूं केलं नाही. तिने तिथल्या सगळ्यांना शिव्या घालायला हव्या होत्या.

डॉक्टर म्हणाल्या, "काय आहे, शरीराची जी यंत्रणा जंतूंशी लढते ना, ती चुकून त्यांच्या स्वतःच्या मेंदूवरच उलटली आहे. त्यामुळे मेंदूला सूज आहे. आणि ही आजकालची नाही, बरेच महिने आहे."

दाजी म्हणाले, "मग सूज उतरायची गोळी द्या की. गुडघ्याला घेतो तसली."

डॉक्टर हसल्या नाहीत, म्हणून मला त्या आवडल्या. "सूज उतरवायचंच औषध देणार आहे काका. पण ही सूज गुडघ्याच्या गोळीला ऐकत नाही. आधी सलाइनमधून स्टेरॉइड देऊ, मग गोळ्या. गुण येईल असं वाटतंय. किती येईल ते आज नाही सांगता येणार."

स्टेरॉइड म्हटल्यावर दाजींचा चेहरा पडला. त्यांच्या कारखान्यातल्या कुणाच्या तरी काकाचं काहीतरी झालं होतं म्हणे. मी म्हटलं, "दाजी, तिनं तुम्हाला भाडेकरू केलं. आणखी काय व्हायचं राहिलंय?" सह्या करून टाकल्या.

सलाइन सुरू झाल्यावर पहिले दिवस काहीच नाही. ती छताकडे बघत पडायची. मी तिचा हात धरून बसायची आणि मनातल्या मनात तिला चिडवायची, अगं ऊठ, कोथिंबीर महाग झालीय. मग एका सकाळी नर्सने उप्पीट आणलं. अक्काने एक चमचा तोंडात घातला, थांबली, आणि म्हणाली, "ह्यात मीठ कुणी घालायचं? माझ्या सासूनं?"

ती नर्स केरळची. तिला एक अक्षर कळलं नाही. मला कळलं. मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडले. एक अनोळखी बाई जवळ येऊन कानडीत धीर द्यायला लागली, कुणी गेलं का विचारायला लागली. मी तिला सांगत होते, नाही हो बाई, कुणी गेलं नाही, आलंय, परत आलंय.

त्यानंतरचे ते महिने. देवाने मला आयुष्यात काय दिलं असं कुणी विचारलं तर मी तेवढे महिने दाखवीन. अक्का घरी आली. गोळ्यांनी तिचं तोंड गोल झालं, भूक इतकी वाढली की सकाळी भाकरी थापता थापताच एक संपवायची. झोप कमी झाली, रक्तातली साखर वाढली. आरशात बघून म्हणाली, "ही कोण गं भोपळी?" मी म्हटलं, "असू दे. भोपळी तर भोपळी, बोलते तर खरी." दाजींशी ती दिवसभर भांडायची आणि दाजी लग्नात हसले नसतील तेवढे हसायचे. शनिवार पुन्हा सुरू झाला. "भवाने, आतडी गळ्याशी आली!" मी मुद्दाम एकदा उशिरा गेले, नुसतं ते ऐकायला.

डॉक्टरांनी दोन गोष्टी पुन्हा पुन्हा बजावल्या होत्या. एक म्हणजे गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. ह्या गोळ्यांची शरीराला सवय होते, त्या आम्हीच हळूहळू कमी करत नेऊ. आणि दुसरं, उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत, जेवून मगच. सुरुवातीला अक्काने एकदा नुसत्या चहावर गोळी घेतली होती, आणि पोटात अशी आग पडली की दिवसभर गादीवर तळमळत होती. दुसरी सूचना तिने तेव्हापासून काळजावर कोरून घेतली. आमच्याकडे नाष्ट्याची पद्धत नाही, दहाच्या सुमाराला भाकरी-भाजीचं जेवणच. ते झालं की गोळी, शनिवारी मात्र मी गेल्यावर दुपारी.

पहिले काही आठवडे दाजी कामावर जाण्याआधी गोळी काढून वाटीत ठेवायचे, आणि दहाला फोन करून विचारायचे. अक्का एक दिवस भडकली. "मला काय कुक्कुलं बाळ समजता? डोकं ताळ्यावर आलंय ना माझं? द्या ती डबी इकडं." दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. डबी हातात घेतल्यावर तिचं तोंड असं फुललं, की जणू घराची किल्लीच परत मिळाली. तिने ती डबी देव्हाऱ्याशेजारी ठेवली आणि नेमाने गोळी घ्यायला लागली. मी एकदोनदा चोरून बघितलं होतं, एकही चुकलेली नव्हती.

मग नवरात्र आलं.

एका शनिवारी जेवता जेवता तिने सांगितलं, की ती नऊ दिवसांचे उपास धरणार आहे. दवाखान्यात, सलाइन चालू असताना, मधेच कधीतरी तिला क्षणभर सगळं लख्ख कळलं होतं म्हणे. आपण घसरत चाललोय, माणसं हातातून निसटत चाललीत. तेव्हा तिने देवीला मनात म्हटलं होतं, माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण माझी दोन माणसं मला ओळखू येऊ देत. नऊ दिवस अन्नाला शिवणार नाही.

"मी आणि दाजी?" मी विचारलं.

"नाही, तू आणि भाजीवाला," ती म्हणाली. मग डोळे पुसले आणि मला आणखी भाकरी वाढली.

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारू. तर म्हणे, "देवीचं डॉक्टरला विचारायचं? आणि त्या पुण्याच्या, त्यांना काय उपास ठाऊक नाहीत?" तरी मी फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, अगदी कडक नको, फराळाचं पोटभर खाऊ द्या, साखर तपासत राहा, आणि गोळ्या चालू ठेवा. मी हे सगळं अक्काला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "सरी," म्हणजे बरं. तिने ऐकलं होतं. तिने डॉक्टरांचं सगळंच ऐकलं होतं, हेच तर झालं.

आमच्या घरांत उपास म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगायला गेलं तर हसू येईल. बाई ताटभर साबुदाण्याची खिचडी खाते, रताळ्याच्या फोडी खाते, दाण्याचा लाडू खाते, वर ताक पिते, आणि कुणी विचारलं की जेवलीस का, तर म्हणते, नाही गं, उपास आहे. खोटं बोलत नाही ती. फराळ तो फराळ, जेवण ते जेवण. अन्न पोटात गेलं म्हणजे जेवण झालं असं आमच्यात कुणीच मानत नाही. नवरात्रातल्या शनिवारी मी गेले तेव्हा अक्का खिचडीसुद्धा माझ्यासाठी थांबली होती. आम्ही दोघींनी मिळून कढई पुसून खाल्ली. घट बसला होता, नंदादीप तेवत होता. शेजारची कानडी मावशी तिच्याकडे नवरात्रात मांडतात त्या बाहुल्यांच्या आराशीचा प्रसाद, हरभऱ्याची उसळ घेऊन आली. दारातूनच तिने इथल्या रीतीने विचारलं, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. अक्काने बोटाला लागलेलं कूट चाटत सांगितलं, "इल्ला, उपवास." नाही, उपास आहे. उसळ तिने माझ्यासाठी झाकून ठेवली.

मी समोर बसले होते. तिघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण वावगं काही नव्हतंच.

जरा थकलेली दिसत होती. उठताना भिंत धरली. "स्वल्प चक्कर येते," म्हणाली. "उपास आहे ना." तोंड थोडं उतरलेलं बघून मला तर आनंदच झाला, म्हटलं भोपळी बारीक होतेय.

दसऱ्याच्या सकाळी दाजींना सुट्टी होती. मी पुरण वाटायला लवकर गेले होते. अक्का ओट्याशी उभी होती, कपाळावर घाम, ओठ पांढरे. दोनदा उलटी झाली होती म्हणे, कुणाला सांगितलं नाही. तिने पुरणाचं पातेलं माझ्याकडे सरकवलं आणि तिथेच खाली बसली. मी दाजींना हाक मारली. दाजी म्हणाले, आधी गोळी दे तिला. देव्हाऱ्याशेजारची डबी मी उघडली, आणि आत अख्ख्या पट्ट्या. नवरात्र बसल्यापासून एकही फोडलेली नाही.

"अक्का, गोळ्या?" मी पट्टी तिच्यापुढे धरली. "अगं, गोळ्या का नाही घेतल्यास?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी बावळटासारखं विचारतेय. "उपास होता ना," ती म्हणाली. "जेवल्याशिवाय घ्यायची नाही म्हणालेत त्या. आज पारणं आहे. पुरणपोळी खाल्ली की घेते."

हे तिचं मला शेवटचं शहाणं वाक्य. रिक्षात तिला आकडी आली.

दवाखान्यात रक्तदाब पार खाली गेलेला. गोळ्या एकदम थांबल्यामुळे शरीर कोसळलं होतं, आणि मेंदूची सूज पुन्हा भडकली होती. पुन्हा सलाइन, पुन्हा स्टेरॉइड, मग आणखी एक जबर औषध. मी रोज उप्पिटाची वाट बघायची. नर्स यायची, उप्पीट यायचं, आणि अक्का गुपचूप खायची. एक दिवस मी त्यात मुद्दाम मिठाची पुडी रिकामी केली. तिने तेही खाल्लं. मग मीच तिच्या हातातून वाटी काढून घेतली.

डॉक्टरांना मी खूप बोलले. फराळानंतर चालेल असं स्पष्ट सांगायला तुमच्या जिभेला काय झालं होतं, असं म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मलाच लाज वाटली. त्या म्हणाल्या, "गोळ्या चालू असत्या तरी हे उलटलं असतंच का, ते मला खरंच सांगता येत नाही. काही जणांत उलटतं. सूज आपण ह्याही वेळी उतरवलीय. पण मधल्या काळात जे गेलंय, ते औषधाने परत येत नाही."

दाजी घरी येऊन एकच घोकायचे, "मीच डबी तिच्या हातात दिली." शेवटी मी ओरडले. "डबी दिलीत तेव्हा तिचं तोंड बघितलं होतंत ना? मग आता गप्प बसा." ते गप्प बसले. पण मी काही गप्प बसले नाही. देव्हाऱ्यापुढे उभी राहून मी देवीला विचारलं, बाई गं, तिने मागितलं काय होतं आणि ते फेडताना तू नेलंस काय? दोन माणसं. जास्त मागितली होती का? आता मी दिवा लावते, कारण अक्का लावायची म्हणून. हात मात्र जोडत नाही.

यशवंतपूरची खोली सोडून मी आता तिच्याकडेच राहते. गोळ्या चालूच आहेत, आकडी येऊ नये आणि सूज पुन्हा चढू नये म्हणून. जेवल्यावर घ्यायच्या. अक्का अंगाने बरी आहे. स्वच्छ साडी नेसते, चालते, बोलते. अगदी अदबीने बोलते. मला म्हणते, "बसा ना बाई, उभ्या का?" मला 'तुम्ही' म्हणते. साठ वर्षांत ज्या तोंडातून मला एक सरळ हाक आली नाही, त्या तोंडून 'तुम्ही' ऐकताना पहिले काही दिवस मी उठून मोरीत जायची आणि नळ सोडायची.

दहा वाजता मी ताट वाढते. ती ताटाकडे बघते आणि हात मागे घेते. "माझी धाकटी बहीण यायचीय," म्हणते. "ती आल्याशिवाय मी जेवत नाही."

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "अगं अक्का, मीच ती." ती घाबरली. खुर्ची मागे सरकवली. मग मला वाईट वाटू नये म्हणून हळूच म्हणाली, "नाही हो. ती बारीक आहे, दोन वेण्या घालते. तोंडाची फटकळ आहे, पण मनाची नाही." एकदा मी बाहेर जाऊन बेल वाजवली. चपला काढत आत आले, म्हटलं, "अक्का, आले गं, बस अडकली होती." ती माझ्या खांद्यावरून मागे जिन्याकडे बघत राहिली. "तुमच्या मागून कुणी आलं का?" तिने विचारलं. त्या दिवशी ती जेवली नाही, म्हणून गोळीही देता आली नाही, आणि मी रात्रभर तिच्या उशाशी जागी बसले.

मग मला सुचलं. आता मी ताट वाढते आणि सांगते, "तुमच्या बहिणीचा निरोप आलाय. तिला उशीर होणार आहे. अक्काला म्हणावं, जेवून घे."

"असं म्हणाली?" रोज ती हेच विचारते. "जेवली का ती?"

"हो, जेवली."

"मग वाढा." ती जेवते, सावकाश, खाली मान घालून. मी गोळी देते, ती पाण्याबरोबर घेते आणि "त्रास झाला तुम्हाला" म्हणते. पण दुसरी भाकरी ती नेहमी अर्धीच खाते. उरलेली अर्धी वाटीखाली झाकते आणि मला बजावते, "ह्याला हात लावू नका हं. ती भुकेली येईल."

दुपारी तिचा डोळा लागला की मी वाटी उचलते आणि ती अर्धी भाकरी खाते.